हे खरे आहे काय? : दूषित भूमी, घरांचे धोरण आणि विधिमंडळातील प्रश्न

मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, हे तत्त्व भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६४ मध्ये नमूद आहे. परंतु ही जबाबदारी रोजच्या व्यवहारात वसूल करण्यासाठी अविश्वासाच्या ठरावापेक्षा साधा छापील प्रश्नच कितीतरी अधिक वेळा कामी येतो. प्रश्न दाखल झाला की संबंधित विभागाला फाईल उघडावी लागते, जिल्ह्यातून किंवा मंडळाकडून माहिती मागवावी लागते, मंत्र्याच्या नावाने उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर सभागृहाच्या कामकाजात कायमचे नोंदले जाते. या साधनाची खरी कसोटी ज्या विषयांत लागते, त्यांत दूषित भूमीवर किंवा तिच्या लगत बांधल्या जाणाऱ्या घरांचा विषय अग्रभागी ठेवावा लागेल, कारण इथे प्रश्न कोणाला विचारायचा हेच पुष्कळदा आधी ठरत नाही आणि ते ठरेपर्यंत इमारती उभ्या राहिलेल्या असतात.

दूषित भूमी म्हणजे केवळ घाण किंवा दलदलीची जागा नव्हे. ज्या जमिनीत, तिच्याखालच्या पाण्यात किंवा तिच्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत माणसाला अपाय करतील अशी द्रव्ये विशिष्ट मर्यादेपलीकडे साठलेली आहेत, ती दूषित भूमी होय. तिची परीक्षा करताना शास्त्रज्ञ तीन गोष्टी एकत्र पाहतात : अपायकारक द्रव्याचा उगम, ते ज्या वाटेने पसरते तो मार्ग आणि ज्याच्यापर्यंत ते पोहोचते तो माणूस. जुन्या रंगकारखान्याच्या आवारात मातीखाली शिसे असले आणि वर गोदाम असले तर धोका मर्यादित असतो. त्याच जागी घरे बांधली आणि अंगणात मुले खेळू लागली की उगम तोच राहूनही मार्ग खुला होतो. म्हणजेच घरांचे धोरण हे प्रदूषणाच्या प्रश्नाहून वेगळे प्रकरण नाही. कुठे कोणाला राहायला पाठवायचे हा निर्णयच त्या तीन कड्यांतील शेवटची कडी जोडतो, आणि हा निर्णय शासनाचा असल्यामुळे त्याचा जाब शासनाला विचारता येतो.

जाब विचारण्याची ही सोय भारतात सुखासुखी मिळालेली नाही. १८९२ च्या कायद्याने विधिपरिषदांच्या सदस्यांना प्रथम प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तरावर पुन्हा काही विचारण्याची सोय नव्हती. १९०९ नंतर मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो हक्क इतर सदस्यांनाही मिळाला. सत्तावीस वर्षांच्या या प्रवासात सरकारी उत्तराच्या पोटात शिरण्याचा मार्ग हळूहळू रुंदावत गेला. आज लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, म्हणजे ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो व ज्यांवर पुरवणी प्रश्न विचारता येतात असे; २३० पर्यंत अतारांकित प्रश्नांना केवळ लेखी उत्तर मिळते. महाराष्ट्र विधिमंडळातही हीच विभागणी आहे, आणि तिच्या जोडीला अल्पसूचना प्रश्न, अर्धा तास चर्चा व विशेष महत्त्वाच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधून निवेदन मागणारी लक्षवेधी सूचना ही साधने आहेत. अलीकडच्या अधिवेशनांत आमदारांचा ओढा लक्षवेधीकडे अधिक दिसतो. ती वृत्तपत्रांत ठळक छापून येते, हे त्याचे एक कारण. परंतु तारांकित प्रश्नाच्या रचनेत जी शिस्त आहे ती लक्षवेधीत नसते, आणि प्रस्तुत विषयात ही शिस्तच अधिक उपयोगाची आहे.

ही रचना जवळून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रातील प्रश्नाचा साचा ठरलेला असतो : अमुक खात्याचे सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असे म्हणून पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडायची व शेवटी ‘हे खरे आहे काय’ असे विचारायचे, दुसऱ्या भागात ‘असल्यास’ म्हणून चौकशी केली काय हे विचारायचे, तिसऱ्यात चौकशीत काय आढळले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली हे, आणि चौथ्यात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरांचाही साचा आहे. पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर येते आणि पुढच्या सर्व भागांना मिळून ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढी एकच ओळ. सगळी इमारत पहिल्या भागावर उभी असल्यामुळे पहिला भाग सैल असला की उरलेला प्रश्न आपोआप कोसळतो. एखाद्या वसाहतीतील रहिवाशांना प्रदूषणामुळे श्वसनाचे विकार होत आहेत हे खरे आहे काय, असे विचारले तर प्रदूषण व विकार यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही एवढे म्हणून खाते मोकळे होते. त्याऐवजी, सदर जागेवर घरांना परवानगी देण्यापूर्वी मातीची, भूजलाची व हवेची तपासणी कोणत्या यंत्रणेने, कोणत्या तारखेस केली आणि तिचा अहवाल कोणत्या अधिकाऱ्याने स्वीकारला, असे विचारले तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांच्यामध्ये लपायला जागा उरत नाही. तपासणी झाली असेल तर तारीख येते. झाली नसेल तर तेच उत्तर ठरते. प्रश्नात अनुमान, आरोप व विशेषणे नसावीत असे नियम सांगतात. सदस्यांना हा नियम बहुधा जाचक वाटतो. वस्तुतः या विषयात तोच त्यांचा सर्वांत चांगला सल्लागार आहे.

मुंबईतील माहूलचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. चेंबूरच्या पूर्वेला तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना, वीजनिर्मिती केंद्र व रसायनांच्या साठवणटाक्या यांच्या शेजारी ७२ इमारतींची एक वसाहत प्रकल्पग्रस्तांसाठी बांधण्यात आली, आणि तीत १७,२०५ घरे आहेत. प्रकल्पग्रस्तांसाठीची घरे मुंबईत अनेकदा ज्या व्यवस्थेखाली बांधली जातात तिच्यात विकासकाला मोबदल्यादाखल हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो, म्हणजे एका जागी न वापरलेले बांधकामक्षेत्र दुसऱ्या जागी वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क. साहजिकच जमीन जिथे सर्वांत स्वस्त तिथे गरिबांची घरे बांधावीत आणि मिळालेला हक्क महाग उपनगरात खर्चावा, असा हिशेब जुळतो. कारखान्यांच्या कुंपणालगतची जमीन स्वस्त का असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करण्याच्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झोपड्या हटवण्यात आल्या आणि २०१७ पासून मोठ्या संख्येने कुटुंबे या वसाहतीत पाठवण्यात आली.

यात खटकणारी गोष्ट तारखांची आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील पीठाने माहूल व आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे डिसेंबर २०१५ मध्येच आपल्या निर्णयात नोंदवले होते, आणि त्या खटल्यात राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ समोर होते. तरीही दोन वर्षांच्या आत त्याच परिसरात हजारो माणसे राहायला नेण्यात आली. पर्यावरण विभागाच्या दप्तरात धोक्याची नोंद होती आणि गृहनिर्माण, नगरविकास व महानगरपालिका यांच्या दप्तरांत वाटपाच्या याद्या होत्या. दोन्ही दप्तरे एका टेबलावर येण्याची सक्ती कोणत्याही नियमात नव्हती. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रहिवाशांना अन्यत्र राहता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश शासनाला दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने परिसरातील चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई भरण्यास सांगितले. न्यायालयात जे प्रश्न विचारले गेले ते तत्त्वतः सभागृहातही विचारता आले असते, तेही घरे वाटण्यापूर्वी, म्हणजे उत्तराने काही वाचू शकले असते अशा वेळी. न्यायालय झालेल्या नुकसानीचा हिशेब करते. होऊ घातलेल्या निर्णयाला अडवणे हे सभागृहाचे खास क्षेत्र आहे, आणि या प्रकरणात ते क्षेत्र पडीक राहिले असे म्हणावे लागते.

याचा सर्व दोष सदस्यांवर टाकता येणार नाही. प्रश्न एका मंत्र्याला उद्देशून असावा लागतो आणि त्या मंत्र्याच्या अखत्यारीतील बाबीपुरताच तो स्वीकारला जातो. त्यामुळे गृहनिर्माण मंत्र्याला हवेबद्दल विचारले की प्रश्न पर्यावरण विभागाकडे वर्ग होतो आणि पर्यावरण मंत्र्याला घरांच्या वाटपाबद्दल विचारले की तो उलट दिशेने जातो. दिल्लीत अडचण आणखी एका पायरीने वाढते. प्रदूषणाचे कायदे केंद्राचे, पण जमीन व वसाहतीकरण हे राज्यांचे विषय असल्याचे उत्तर खासदारांना इतक्या वेळा मिळाले आहे की ते आता उत्तराची प्रस्तावनाच बनले आहे. महानगरपालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांसारख्या संस्थांच्या दैनंदिन कारभाराबद्दलचे प्रश्न सामान्यतः स्वीकारले जात नाहीत, ही आणखी एक भिंत. ही भिंत ओलांडण्याचा मार्ग एकच दिसतो : सदस्याने त्याच अधिवेशनात दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळ्या मंत्र्यांना, एकाच सर्व्हे क्रमांकाबद्दल विचारावेत आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून तिसरे साधन, म्हणजे अर्धा तास चर्चा, वापरावे. दिलेल्या उत्तरातून उद्भवणाऱ्या बाबींसाठीच ही चर्चा असल्यामुळे दोन उत्तरांतील विसंगती हा तिचा सर्वांत योग्य विषय ठरतो.

देवनारच्या कचराभूमीचे प्रकरण माहूलपेक्षा गुंतागुंतीचे आहे, आणि अद्याप घडत असल्यामुळे अधिक महत्त्वाचेही आहे. १९२७ पासून मुंबईचा कचरा जिथे पडत आला, जिथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरभर पसरला होता, त्या भूमीपैकी १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातील अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांच्या पहिल्या अनुसूचीत बंद केलेल्या भराव-क्षेत्राबद्दल स्पष्ट तरतूद होती : बंद झाल्यावर किमान पंधरा वर्षे देखरेख ठेवावी, आणि त्यानंतरही वायूंचे उत्सर्जन व लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी, मानकांत बसते आणि जमीन स्थिर आहे याची खात्री झाल्यावरच मानवी वस्तीचा विचार करावा. शासनाच्या बाजूने याला एक उत्तर आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. कचरा जागीच झाकून टाकला तर पंधरा वर्षांचा हिशेब लागू होतो. परंतु बायोमायनिंगने, म्हणजे जुना कचरा उकरून, चाळून, वेगळा करून हलवला, तर खाली उरते ती कचराभूमी नसून मोकळी जमीन होय, असा हा युक्तिवाद आहे. त्याप्रमाणे महानगरपालिकेने २०२५ मध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख टन कचरा हटवण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली.

इथे सभागृहात विचारण्याजोगा प्रश्न कचऱ्याबद्दलचा नाही, त्याच्याखालच्या जमिनीबद्दलचा आहे. जवळजवळ शंभर वर्षे लीचेट ज्या खाडीकाठच्या मातीत मुरले, त्या मातीची तपासणी कचरा हटवल्यावर किती खोलीपर्यंत होणार, कोणत्या द्रव्यांसाठी होणार, निवासी वापराची मानके लावणार की औद्योगिक वापराची, आणि निकाल प्रतिकूल आल्यास घरांचा आराखडा बदलण्याचा अधिकार कोणाला असणार, ही माहिती निविदेच्या रकमेतून किंवा टनांच्या आकड्यांतून कळत नाही. टन हे कंत्राटाचे माप आहे, आरोग्याचे नव्हे. शासकीय उत्तरांत हटवलेल्या कचऱ्याचे टन मोजून दाखवले जाण्याची शक्यता मोठी असते, कारण ते सहज उपलब्ध असतात व प्रगतीचा भासही देतात. पुरवणी प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने त्या आकड्यांवर समाधान मानले तर मुख्य विषय तिथेच निसटतो.

या काळाची आणखी एक खूण लक्षात ठेवली पाहिजे. मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. स्थायी समिती व सुधार समिती यांत जमिनीच्या प्रस्तावांवर होणारी चिकित्सा या काळात उरली नव्हती; देवनारच्या जागेचा निर्णय याच पोकळीत झाला. महानगरपालिकेच्या पातळीवर विचारले जाणारे प्रश्नही त्या वर्षांत आमदारांनाच विचारावे लागले, आणि विधिमंडळाच्या मोजक्या दिवसांच्या अधिवेशनात तेवढा अवकाश नसतो.

ज्या वेस्टमिन्स्टरच्या सभागृहाकडून ही प्रश्नोत्तरांची पद्धत आली, तिथला अनुभवही डोळ्यांत अंजन घालणारा आहे. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या पर्यावरण समितीने १९९० मध्ये दूषित भूमीवर स्वतंत्र अहवाल दिला आणि त्याच वर्षीच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात कलम १४३ घालण्यात आले. ज्या जमिनींचा पूर्वी प्रदूषणकारक वापर झाला असेल, म्हणजे जिथे गॅस कारखाने, चामडे कमावण्याचे कारखाने, रसायनांचे कारखाने किंवा कचराभूमी होती, त्यांची सार्वजनिक नोंदवही स्थानिक प्राधिकरणांनी ठेवावी, असे ते कलम सांगत होते. नोंदवही निघालीच नाही. नुसते नाव चढले तरी जमिनीची व घरांची किंमत पडेल, कर्जे मिळणार नाहीत, अशी ओरड मालमत्तेच्या व्यवहारातील मंडळींनी केली आणि १९९३ मध्ये शासनाने तो बेत सोडून दिला. त्याच्या जागी १९९५ च्या कायद्याने वेगळी व्यवस्था आणली, तीही इंग्लंडमध्ये अमलात यायला २००० साल उजाडले. दरम्यान १९९८ मध्ये नव्या घरांपैकी ६० टक्के घरे पूर्वी वापरलेल्या जमिनींवर व्हावीत असे उद्दिष्ट जाहीर झाले होते. एका हाताने जुन्या औद्योगिक जमिनींवर घरे बांधण्याचा आग्रह आणि दुसऱ्या हाताने त्या जमिनींची नोंद ठेवण्याची टाळाटाळ, असा हा प्रकार होता. संसदीय समितीने विषय पुढे आणला हे खरे, पण कायदा होऊनही त्याची अंमलबजावणी बाजारभावाच्या भीतीपुढे टिकली नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक साध्या कागदावर उभा करता येतो. सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. त्यात बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, भूसंपादनाची नोंद असे सारे काही चढते आणि शहरातील मालमत्ता पत्रकावरही बोजे नोंदले जातात. जमिनीखाली काय मुरले आहे याची नोंद मात्र या दोन्ही कागदांत कुठेच होत नाही. सोसायटीच्या कर्जाची माहिती घर घेणाऱ्याला तलाठ्याच्या दप्तरातून मिळू शकते; ज्या भूखंडावर ती सोसायटी उभी आहे तिथे चाळीस वर्षांपूर्वी कापड रंगवण्याचे खाते होते की रसायनांची गोदामे होती, हे कळण्याचा कोणताही सरकारी मार्ग त्याला नाही. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींवर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर जो दीर्घ वाद झाला, त्याचा भर मोकळ्या जागेचा वाटा किती, म्हाडाचा किती, गिरणीमालकांचा किती यावर राहिला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाली निघाला तोही वाट्यांच्या अर्थावरच. जमिनीच्या क्षेत्रफळाबद्दल एवढी जागरूकता दाखवणाऱ्या समाजाने तिच्या मातीबद्दल इतके कमी विचारावे, याचे नवल वाटते. महसूल मंत्र्यांना उद्देशून सातबाऱ्यावरील नोंदीबद्दल विचारलेला एक प्रश्न, हा या सर्व गुंत्यातील कदाचित सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक प्रश्न ठरेल.

उत्तर मिळाल्यावर काय, हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. ‘तपासणी करण्यात येईल’, ‘अहवाल प्राप्त झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल’ अशी विधाने मंत्र्याने सभागृहात केली की ती आश्वासने ठरतात आणि त्यांचा पाठपुरावा करण्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत ही समिती १९५३ मध्ये स्थापन झाली आणि आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण व्हावे असा तिथला दंडक आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही अशी समिती आहे. प्रदूषणाच्या विषयात तीन महिने तोकडे पडतात, हे मान्य केले पाहिजे, कारण भूजलाची तपासणी पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा झाली तरच तिला अर्थ असतो. म्हणून प्रश्न विचारतानाच तपासणीचे वेळापत्रक मागणे शहाणपणाचे असते. वेळापत्रक आश्वासनाचा भाग झाले की मुदतवाढ मागताना खात्याला प्रत्येक टप्प्याचा हिशेब द्यावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली अधिसूचित केले आणि प्रश्नकर्त्यांच्या हाती प्रथमच एक ठोस आधार आला. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन यांनी संशयित दूषित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी करावी, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, दूषित ठरलेल्या स्थळाची शुद्धी ज्याने दूषण केले त्याच्या खर्चाने व्हावी, असा या नियमांचा क्रम आहे. हे नियम आले तेव्हा देशभरात १०३ स्थळे दूषित म्हणून निश्चित झालेली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी शुद्धीचे काम सुरू झालेले होते. नियमांत एक अपवादही आहे : किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम आणि समुद्रातील तेलगळती यांच्याबरोबर घनकचऱ्याच्या कचराभूमीही त्यांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत; मात्र अशा जागी इतर अपायकारक द्रव्ये मिसळून त्यांची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली असेल तर नियम लागू होतात. देवनारची जमीन या वाक्याच्या कोणत्या अर्ध्यात बसते, हे कोणीतरी मोजल्याशिवाय ठरणार नाही, आणि ते मोजण्याची जबाबदारी कोणत्या यंत्रणेने कोणत्या पत्राने स्वीकारली आहे, हा आजच्या घडीला पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्र्यांना विचारण्याचा पहिला प्रश्न आहे.

माहूलच्या बाबतीतही विषय संपलेला नाही. २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील सुमारे नऊ हजार रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांत विकण्याची योजना जाहीर केली आणि मुंबईच्या बाजारभावाच्या मानाने किंमत अत्यल्प असूनही तिला अतिशय थंड प्रतिसाद मिळाला. प्रकल्पग्रस्तांना निवड नव्हती. कर्मचाऱ्यांना होती आणि त्यांनी ती वापरली. विक्रीच्या जाहिरातीपूर्वी तेथील हवेची नव्याने तपासणी करण्यात आली होती काय, असल्यास तिचा दिनांक व निष्कर्ष काय, आणि ते निष्कर्ष अर्जदारांना उपलब्ध करून देण्यात आले होते काय, या तीन उपप्रश्नांना नगरविकास विभागाकडून लेखी उत्तर मागवण्यासाठी एका अतारांकित प्रश्नाचीही जागा पुरेशी आहे.